कानावर नको, कर्त्यावर विश्वास ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत 'प्रवेश परीक्षा आणि इंग्रजी' या विषयावर सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय रौप्यमहोत्सवाला शोभेल असा भारदस्त नाही, याची मला कल्पना आहे. काल याच जागी आरोग्यावर बोलणं झालं, उद्या संगीत आहे. मधल्या दिवशी 'इंग्रजी वाक्य दुरुस्त कसं करायचं' हे ऐकायला एवढी मंडळी आली, याचा अर्थ प्रत्येक घरात परीक्षेला बसणारं कुणीतरी आहे. म्हणून प्रस्तावना न लांबवता मुद्द्यावर येतो.

या वर्षी आपल्याच सोसायटीतल्या एका मुलाने बीबीएच्या प्रवेशाचा फॉर्म भरला नाही. बारावीला गुण चांगले, हिशेबात हुशार, बोलायला चुणचुणीत. वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, शंभरात चाळीस मार्कांचं इंग्रजी आहे. आपलं पोरगं मराठी मीडियमचं. कशाला हजार रुपये घालवायचे?" हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पोरगं नापास झालं असतं तर मी समजू शकलो असतो. पण ते परीक्षेला बसलंच नाही. आजचं बोलणं त्या मुलासाठी आहे, आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठीही.

आधी थोडी वस्तुस्थिती. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या पदवी अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी सुरू झाली. त्याआधी बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचा. या परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न, आणि त्यात इंग्रजीचे 40. पुढे एमबीएला जायचं तर त्या सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, त्यातले 50 इंग्रजीचे. गणित करून बघा. पहिल्या परीक्षेत एका प्रश्नाला 54 सेकंद मिळतात, दुसरीत 45. दोन्हींमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बँकेच्या परीक्षांचं तसं नाही. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. त्यामुळे कोणत्या परीक्षेला बसतो आहोत ते आधी नीट वाचा.

कुणी म्हणेल, "सर, जीमॅटमधून तर हा प्रश्न काढून टाकला." खरं आहे. परदेशी बिझनेस स्कूलसाठी जी जीमॅट परीक्षा असते, तिच्यात 'सेंटेन्स करेक्शन' हा प्रकार वर्षानुवर्षं प्रसिद्ध होता. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि तो प्रकार गेला. कॅटमध्येही अलीकडे थेट व्याकरणाचे प्रश्न दिसत नाहीत. पण आपली मुलं ज्या दारातून आत जाणार आहेत, ती राज्याची सीईटी, बँक, स्पर्धा परीक्षा, तिथे हे प्रश्न अजून आहेत. चूक ओळखा, अधोरेखित भाग दुरुस्त करा, योग्य पर्याय निवडा. नावं वेगळी, काम एकच.

आता मुलं हा प्रश्न कसा सोडवतात ते सांगतो. वाक्य वाचतात, मग पाचही पर्याय एकेकदा मनात म्हणून बघतात आणि जो 'कानाला बरा वाटतो' तो टिचकवतात. ही पद्धत ज्याच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी बोलली जाते त्याला चालते. आपल्या मुलांना चालत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कान जे रोज ऐकतो तेच त्याला बरं वाटतं. आपण रोज काय ऐकतो? 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'वुई विल डिस्कस अबाउट इट', 'ही इज माय कझिन ब्रदर'. ऑफिसात, दुकानात, टीव्हीवर हेच चालतं, कामही भागतं. पण परीक्षक याच वाक्यांवर प्रश्न काढतो, कारण ती कानाला बरोबर वाटतात हे त्याला माहीत असतं. म्हणून पहिला नियम: कानाला साक्षीदार करा, न्यायाधीश करू नका.

मग न्यायाधीश कोण? कर्ता आणि क्रियापद. हे शब्द आपल्या मुलांना मराठीच्या तासाला शिकवले जातात. इंग्रजीच्या तासाला मात्र गाइडातली उत्तरं पाठ होतात. म्हणजे हत्यार एका तासाला मिळतं आणि लढाई दुसऱ्या तासाला असते!

मी नेहमी सांगतो, मराठी ही या परीक्षेतली अडचण नाही, भांडवल आहे. बघा, 'त्याने आंबा खाल्ला', 'त्याने पोळी खाल्ली', 'त्याने केळं खाल्लं', 'त्याने पेढे खाल्ले'. खाणारा तोच, पण पदार्थ बदलला की क्रियापद बदलतं. लिंग बघायचं, वचन बघायचं, कर्त्याला 'ने' लागला की कर्माकडे बघायचं. एवढा गुंता आपलं चार वर्षांचं पोर न चुकता सोडवतं. त्याच्यापुढे इंग्रजीत आहे काय? वर्तमानकाळात कर्ता एकवचनी तृतीयपुरुषी असेल तर क्रियापदाला 'एस', आणि इज-आर, हॅज-हॅव, वॉज-वेअर. संपलं. ज्याला मराठी येते त्याने या नियमाला घाबरणं म्हणजे मुळा नदीत पोहणाऱ्याने हौदाला घाबरण्यासारखं आहे.

मग चूक होते कुठे? कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये परीक्षक गर्दी उभी करतो. 'द की ऑफ बोथ द टँक्स आर विथ द वॉचमन.' कानाला छान वाटतं, कारण 'टँक्स'च्या शेजारी 'आर' बसलंय. पण वॉचमनकडे आहे काय? टाक्या नव्हे, किल्ली. किल्ली एक, म्हणून 'इज'. 'ऑफ', 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' या शब्दांनी सुरू होणारा तुकडा पेन्सिलने कंसात टाका, किंवा स्क्रीनवर असेल तर मनात झाकून टाका. उरलेल्याला विचारा, 'कोण?' किंवा 'काय?' कर्ता आपोआप हात वर करतो.

'वन ऑफ माय फ्रेंड' की 'वन ऑफ माय फ्रेंड्स'? मराठीत विचार करा. आपण 'माझ्या मित्रापैकी एक' म्हणतो का? 'मित्रांपैकी' म्हणतो. तो अनुस्वार म्हणजेच इंग्रजीतला 'एस'. आणि त्यापुढचं क्रियापद त्या 'एका'चं, म्हणून 'इज'. तसंच 'प्रत्येक सभासद'. आपण 'प्रत्येक सभासद येतात' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंग्रजीतही 'एव्हरी मेंबर हॅज'. इथे मराठीचा हात धरून चाला, ती बरोबर घरी पोचवते.

पण काही ठिकाणी दोन भाषांचे रस्ते फुटतात, आणि तिथेच आपली मुलं घसरतात. ही ठिकाणं मोजकी आहेत. मी पाच सांगतो, वहीत लिहून घ्या.

पहिलं, 'पासून'. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून' पण म्हणतो. इंग्रजीत दोन वेगळी खाती आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', मधली मुदत सांगायची तर 'फॉर'. शिवाय आपण म्हणतो 'मी इथे पंचवीस वर्षांपासून राहतो', म्हणजे साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत काळही बदलतो. आपल्या महोत्सवाचंच वाक्य घ्या: 'वुई आर लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी-फाइव्ह इयर्स' हे चूक. 'वुई हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर ट्वेंटी-फाइव्ह इयर्स' हे बरोबर.

दुसरं, 'जरी-तरी'. मराठीत ही जोडी बैलजोडीसारखी, एक आला की दुसरा हवाच. इंग्रजीत 'ऑल्दो' आला की 'बट' नको. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मीटिंग वॉज हेल्ड' यातला कोणताही एक शब्द ठेवा, दोन्ही नाही.

तिसरं, 'विषयी', 'शी', 'पेक्षा'. आपण पाण्याविषयी चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येतं. ते नको. कुणाशी लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ' येतं. तिथे 'मॅरीड टु'. माझ्यापेक्षा सीनियर, म्हणून 'सीनियर दॅन' येतं. तिथे 'सीनियर टु'. हे तर्काने कळत नाही, यादी करून पाठच करावं लागतं. अशी तीसेक शब्दांची यादी केली तर पुष्कळ काम होतं.

चौथं, 'ताना'. हे सगळ्यांत गमतीचं आहे. 'जिना चढताना पाय घसरला' हे मराठी वाक्य शंभर टक्के बरोबर. चढणारा माणूस, घसरणारा पाय, मराठीला काही वाटत नाही. हेच इंग्रजीत केलं, 'क्लायंबिंग द स्टेअर्स, माय फूट स्लिप्ड', की परीक्षक म्हणतो, पाय एकटाच जिना चढत होता का? इंग्रजीचा दंडक असा: वाक्याच्या सुरुवातीला असा 'इंग'वाला तुकडा आला तर स्वल्पविरामानंतर लगेच तोच माणूस यायला हवा, जो ती क्रिया करतोय. म्हणून 'क्लायंबिंग द स्टेअर्स, आय स्लिप्ड'. पर्यायांमध्ये स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द तेवढा बघा. बरेचदा दोन-तीन पर्याय तिथेच बाद होतात.

पाचवं, 'च'. मराठीतला हा एक अक्षराचा शब्द ज्याला चिकटेल त्यावर जोर देतो. 'सभासदच मेंटेनन्स रोख भरतात', 'सभासद मेंटेनन्सच रोख भरतात', 'सभासद मेंटेनन्स रोखच भरतात'. तीन वाक्यं, तीन अर्थ. खजिनदारांना विचारा, तिन्हींचे हिशेब वेगळे होतील! इंग्रजीत हे काम 'ओन्ली' करतो आणि परीक्षेच्या हिशेबाने तो ज्या शब्दाला लागू त्याला अगदी लागून हवा. म्हणून 'ओन्ली' दिसला की विचारा, मराठीत हा 'च' कुणाला लावला असता? उत्तर तिथेच आहे.

आणखी एक मुद्दा दोन्ही भाषांना सारखा आहे, समान मांडणीचा. आपल्या मासिक सभेचा ठराव समजा असा लिहिला: 'टाकी साफ करणे, पंपाची दुरुस्ती आणि गेटला रंग द्यावा असे ठरले.' समजतं, पण ओबडधोबड वाटतं ना? 'टाकी साफ करणे, पंप दुरुस्त करणे आणि गेट रंगवणे' असं लिहिलं की सरळ रांग झाली. इंग्रजी परीक्षेत अशी रांग मोडली की चूक धरतात. 'टु क्लीन द टँक, रिपेअरिंग द पंप अँड दॅट द गेट बी पेंटेड' हे चूक. 'टु क्लीन द टँक, रिपेअर द पंप अँड पेंट द गेट' हे बरोबर. यादी दिसली की सगळे एकाच गणवेशात आहेत का, ते बघायचं.

आता हे सगळं 50 सेकंदांत कसं बसवायचं? एक प्रश्न करून दाखवतो. वाक्य असं:

'द बंच ऑफ कीज बिहाइंद द ऑफिस डोअर्स बिलाँग टु द वॉचमन, हू हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.'

पाच पर्याय आहेत. पहिला, वाक्य आहे तसं. दुसरा, 'बिलाँग्ज… हू हॅज बीन वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स'. तिसरा, 'बिलाँग्ज… हू इज वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स'. चौथा, 'बिलाँग… हू हॅज बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स'. पाचवा, 'बिलाँग्ज… हू हॅज बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स'.

पाचही पर्याय पूर्ण वाचू नका. त्यांच्यात फरक कुठे आहे तेवढं शोधा. पहिला फरक, बिलाँग की बिलाँग्ज. वॉचमनचं काय आहे? जुडगा. जुडगा एक, म्हणून 'बिलाँग्ज'. पहिला आणि चौथा एका झटक्यात गेले. उरले तीन. दुसरा फरक, सिन्स की फॉर. दहा वर्षं ही मुदत आहे, म्हणून 'फॉर'. दुसरा गेला. तिसरा फरक, 'इज वर्किंग' की 'हॅज बीन वर्किंग'. पूर्वी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम, म्हणून 'हॅज बीन'. तिसरा गेला. उरला पाचवा. तीन छोटे निर्णय घेतले, आणि प्रत्येकाला कारण होतं. शेवटी निवडलेला पर्याय वाक्यात बसवून एकदा पूर्ण वाचायचा आणि मूळ अर्थ बदलला नाही ना ते बघायचं. एखादा पर्याय व्याकरणाने शुद्ध असतो, पण सांगतो भलतंच.

आणि 'काही बदल नको' या पर्यायाला घाबरू नका. मुलांना वाटतं, प्रश्न विचारलाय म्हणजे चूक असणारच. तसं नसतं. सगळे मुद्दे तपासले, काही सापडलं नाही, तर वाक्य बरोबर आहे असं म्हणायचं धाडस ठेवा. उगाच लांबलचक, साहेबी थाटाचा पर्याय निवडायचा मोह होतो, तो टाळा.

सराव किती करायचा? रोज दहा प्रश्न पुरेत, पण प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीत कारण लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. 'कर्ता एकवचनी', 'मुदत आहे म्हणून फॉर', 'जरी-तरी'. ज्या उत्तरापुढे कारण लिहिता आलं नाही ते बरोबर आलं तरी अंदाजच समजायचा आणि पुन्हा करायचा. महिनाभराने वही उघडली की स्वतःलाच दिसतं, आपण त्याच चार-पाच जागी अडतो. मग अभ्यास पुस्तकाचा न राहता त्या चार जागांचा होतो.

पालकांना दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. घरात जबरदस्तीने इंग्रजी बोलायला लावून ही परीक्षा सुटत नाही. आपण चुकीचं बोललो तर मुलांचा कान आणखी बिघडतो, आणि आई-मुलातलं बोलणं कमी होतं ते वेगळंच. त्यापेक्षा मुलांची मराठी पक्की ठेवा. दुसरं, सव्वाशे किलोमीटरवर पुण्याला क्लास आणि कॉट बेसिसवर खोली हाच एक रस्ता आहे असं समजू नका. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाठवावं. ज्यांना परवडत नाही त्यांनी फॉर्म भरायचं थांबवू नये, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्या गावाला याची सवय आहे. कागदावर आता अहिल्यानगर लिहितो, तोंडात अजून नगरच येतं. या नगरात 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, इथे सिंथिया फरारबाईंनी मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण इथे घेतलं. 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच नगरला डेप्युटी कलेक्टर होते. 1862 साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. त्यांच्याही घरची भाषा मराठीच होती. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन, मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य मांडून, अशीच भाषा शिकली. आपली सोसायटी सुरू झाली त्याच 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीला यायचं. म्हणजे आजच्या मुलांकडे आपल्यापेक्षा चार वर्षं जास्त आहेत.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साखर कारखाना काढला. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाही. दर रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा हा हॉल मोकळा असतो. मी येतो. ज्यांची मुलं परीक्षा देऊन गेली त्यांनी जुनी पुस्तकं, सरावसंच इथल्या कपाटात ठेवावेत. सेक्रेटरी साहेबांनी जुन्या इंग्रजी नोटिसांची फाइल द्यावी. सरावाला तिच्यापेक्षा चांगला साठा नगरात दुसरीकडे मिळणार नाही! (हशा) फी नाही. अट एकच, प्रत्येकाने आपली कारणांची वही आणायची. आणि ज्या मुलाने यंदा फॉर्म भरला नाही, त्याच्या वडिलांना मी इथूनच सांगतो, दादा, पुढच्या वर्षीचा फॉर्म सुटेल तेव्हा आपण दोघं मिळून भरू. तोवर त्याला रविवारी पाठवा.

  काही शंका असतील तर चहाच्या वेळी विचारा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.